मत पत्रकाराचे, पगार खेळाडूचा

शे गिल्जस-अलेक्झांडर की निकोला योकिच? २०२४-२५च्या एनबीए हंगामात बास्केटबॉलप्रेमींनी हा प्रश्न महिनोन्महिने चघळला. ओक्लाहोमा सिटी थंडरचा गार्ड गिल्जस-अलेक्झांडर सामन्यागणिक सरासरी ३२.७ गुण काढून हंगामाचा अव्वल गुणवीर ठरला. त्याच्या संघाने ८२ पैकी ६८ सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे जवळपास १३ गुणांच्या फरकाने मागे टाकले. एवढा मोठा सरासरी फरक लीगच्या इतिहासात त्याआधी कोणत्याही संघाने राखला नव्हता. दुसरीकडे डेन्व्हर नगेट्सचा सेंटर योकिच होता. सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट. संपूर्ण हंगामात ट्रिपल-डबलची, म्हणजे तिन्ही बाबतींत दोन आकडी, सरासरी राखणारा ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रुक यांच्यानंतरचा तो तिसराच खेळाडू आणि पहिलाच सेंटर. गुण आणि रिबाउंडमध्ये लीगमध्ये तिसरा, असिस्टमध्ये दुसरा. त्याचा संघ मात्र ५० विजयांवर थांबला.

शंभर मतदारांपैकी ७१ जणांनी गिल्जस-अलेक्झांडरला पहिली पसंती दिली, २९ जणांनी योकिचला. निकाल योग्य होता, असे या स्तंभाचे मत आहे. थंडरने त्या हंगामात जे वर्चस्व गाजवले, त्याच्या केंद्रस्थानी गिल्जस-अलेक्झांडर होता. तो ७६ सामने खेळला, लीगमधल्या सर्वांत कडक बचावफळीत त्याने आपला वाटा उचलला आणि एकाही महिन्यात त्याचा खेळ ढेपाळला नाही. पण योकिचच्या बाजूने उभ्या राहिलेल्या २९ जणांची बाजूही लेचीपेची नव्हती. तो बाकावर गेला की डेन्व्हरचा खेळ विस्कटायचा, हे त्या संघाचे सामने पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. संघाला सर्वाधिक गरज कोणाची, असा प्रश्न विचारला तर उत्तर योकिच. सर्वाधिक विजय कोणाच्या खेळातून आले, असे विचारले तर उत्तर गिल्जस-अलेक्झांडर.

या पुरस्काराचे नाव आहे मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, सर्वांच्या तोंडी एमव्हीपी. तो देताना नेमके काय मोजायचे, हे लीगने मतदारांना कधीच सांगितलेले नाही. मतपत्रिकेवर फक्त पाच जागा असतात. पहिल्या नावाला १० गुण, मग ७, ५, ३ आणि १. नियमित हंगाम संपला की प्लेऑफ रंगात येण्याआधीच क्रीडापत्रकार आणि समालोचक ती भरून पाठवतात. गरज, विजय, आकडे, बचाव, नेतृत्व यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ही मोकळीक हेच या पुरस्काराचे खरे वैभव आहे. वाद तिच्यातून निर्माण होतो आणि वाद घालता घालता माणसे खेळ अधिक बारकाईने पाहू लागतात.

या मोकळिकीचा सर्वांत धाडसी वापर १९६१-६२च्या हंगामात झाला. त्या वेळी मतदान पत्रकार करत नसत, खुद्द खेळाडू करत. त्या हंगामात फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड अशी कामगिरी केली. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावात त्याने एकाच सामन्यात १०० गुण काढले. गुणांचे हे दोन्ही विक्रम आजतागायत कोणाच्या दृष्टिपथातही आलेले नाहीत. त्याच हंगामात सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी राखली. आजच्या कोणत्याही हंगामात यांपैकी एकाने पुरस्कार हातोहात नेला असता.

खेळाडूंनी निवडले बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. त्याची सरासरी १८.९ गुणांची. पण सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते आणि त्या यशाचा पाया रसेलचा बचाव हा होता. तो बास्केटखाली उभा असला की समोरचा खेळाडू शॉट घेण्याआधी दोनदा विचार करायचा. न घेतलेल्या शॉटची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. पण ज्याला तो घेता आला नाही, त्या खेळाडूच्या ती कायम लक्षात राहते. मते देणारे नेमके तेच खेळाडू होते. विशेष म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम पाच जणांचा संघ निवडणाऱ्यांनी त्याच वर्षी सेंटरच्या जागी चेंबरलेनला घेतले आणि रसेलला दुसऱ्या संघात ठेवले. एकाच हंगामाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी, दोन निकाल. त्या वसंतात पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत रसेलच्या सेल्टिक्सने चेंबरलेनच्या वॉरियर्सला सात सामन्यांच्या झुंजीत हरवले, पण तोवर खेळाडूंचे मत बनलेले होते.

खेळाडूंच्या मतदानाची आणखी दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. १९७५-७६मध्ये करीम अब्दुल-जब्बारला पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या लॉस एंजेलिस लेकर्सने ४० सामने जिंकले होते आणि ४२ गमावले होते. संघ प्लेऑफमध्येही पोहोचला नव्हता. दोनच वर्षांनी, १९७७-७८मध्ये पोर्टलंड ट्रेलब्लेझर्सचा बिल वॉल्टन फक्त ५८ सामने खेळून एमव्हीपी झाला. पहिल्या ६० पैकी ५० सामने पोर्टलंडने जिंकले होते. मग वॉल्टनच्या पायाला दुखापत झाली आणि उरलेल्या २२ सामन्यांत संघाला जेमतेम ८ विजय मिळाले. खेळाडूचे मोल त्याच्या गैरहजेरीत इतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल. ‘हरणाऱ्या संघातल्याला द्यायचा नाही’ किंवा ‘अमुक इतके सामने खेळलाच पाहिजे’ असे नियम त्या मतदारांनी स्वतःला घालून घेतले नव्हते. त्यांनी हंगाम पाहिला आणि मत दिले.

१९८०-८१पासून मतदान पत्रकारांकडे आले. त्याचे फायदे उघड आहेत. पत्रकार सगळ्या संघांवर नजर ठेवून असतात, आपल्या मतामागची कारणे जाहीरपणे लिहितात आणि वाचक त्यांना जाब विचारू शकतात. २०१४पासून लीग प्रत्येक मतदाराची मतपत्रिका नावानिशी प्रसिद्ध करते. आधीच्या काळातही काहींनी आपले वेगळे मत झाकून ठेवले नव्हते. २०१२-१३मध्ये लेब्रॉन जेम्सला १२१ पैकी १२० पहिली मते पडली. एकमेव वेगळे मत ‘बॉस्टन ग्लोब’च्या गॅरी वॉशबर्न यांनी कार्मेलो अँथनीला दिले होते, आणि ते का दिले हे त्यांनी स्वतःच लेख लिहून सांगितले. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जेम्स त्या वर्षी निर्विवाद श्रेष्ठ होता, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष पटण्यासारखा नव्हता. पण नावानिशी मत मांडून टीका अंगावर घेण्याची ही रीत मात्र मोलाची आहे. एकमताचा पहिला निकाल त्यानंतर तीन वर्षांनी लागला: २०१५-१६मध्ये स्टीफन करीला १३१ पैकी १३१.

पत्रकारांच्या मतदानाची एक कमजोरीही आहे. ज्याचा व्यवसाय गोष्ट सांगण्याचा, त्याला चांगली गोष्ट भुरळ घालते. २००४-०५मध्ये स्टीव्ह नॅश डॅलस सोडून फिनिक्सला आला आणि फिनिक्सचे विजय २९वरून ६२वर गेले. त्याच वर्षी शकील ओनील लेकर्सकडून मायामीला गेला, तो संघ ४२वरून ५९वर पोहोचला. नॅशला १,०६६ गुण मिळाले, ओनीलला १,०३२. एका छोट्या चणीच्या पासरने संपूर्ण संघाला वेग दिला ही कथा नवी होती, ओनीलचे वर्चस्व लोकांना सवयीचे झाले होते. नॅशचा खेळ अप्रतिमच होता. तरीही सवयीच्या श्रेष्ठत्वाला कमी मोजण्याची प्रवृत्ती त्या निकालात डोकावते.

२०१६-१७मध्ये ती अधिक ठळक झाली. केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेटला गेला आणि मागे राहिलेल्या वेस्टब्रुकने ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट अशी सरासरी राखून ४२ ट्रिपल-डबल नोंदवली. रॉबर्टसनचा ४१चा जुना विक्रम मोडला. संघाने ४७ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात सहावा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनने २९.१ गुण, ८.१ रिबाउंड, ११.२ असिस्ट करत आपला संघ ४१ विजयांवरून ५५वर नेला. पहिल्या पसंतीची मते वेस्टब्रुकला ६९, हार्डनला २२. दोघांच्या रिबाउंडमध्ये सामन्यामागे अडीचचा फरक, विजयांमध्ये आठचा. दोन आकडी सरासरीची मोहिनी नसती, तर हार्डनचे पारडे जड ठरले असते. या स्तंभाने मत दिले असते तर ते हार्डनला.

सवयीचा फटका थोरामोठ्यांनाही बसला आहे. १९९६-९७मध्ये शिकागो बुल्सने ६९ सामने जिंकले, तरी मायकेल जॉर्डनऐवजी ६४ विजयांच्या युटा जॅझचा कार्ल मलोन अवघ्या २९ गुणांच्या फरकाने एमव्हीपी ठरला. अंतिम फेरीत याच दोन संघांची गाठ पडली आणि बुल्स ४-२ असे जिंकले. २०२३मध्ये योकिच सलग तिसऱ्या पुरस्काराच्या उंबरठ्यावर होता. सलग तीनदा हा मान आजवर फक्त रसेल, चेंबरलेन आणि लॅरी बर्ड यांना मिळाला आहे. ‘याला त्या तिघांच्या पंक्तीला बसवायचे का?’ असा सूर त्या वसंतात सतत ऐकू येत होता. पुरस्कार ३३.१ गुणांची सरासरी असलेल्या जोएल एम्बीडला मिळाला. एम्बीडचा हंगाम पुरस्काराच्या तोडीचा होता, यात शंका नाही. पण योकिचने आधीच्या दोन वर्षांत काय मिळवले, हा त्या वर्षीच्या मताचा मुद्दा होऊ शकत नाही. प्रत्येक हंगामाची पाटी कोरी असली पाहिजे. त्या कसोटीवर २०२३चे मत योकिचचे होते.

प्लेऑफमधले अपयश दाखवून जुने निकाल खोटे ठरवणेही तितकेच चुकीचे आहे. २००६-०७मध्ये डर्क नोविट्स्कीच्या डॅलसने ६७ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटकडून हार पत्करली. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा नोविट्स्की घरी बसला होता. त्याची त्या काळी फार हेटाळणी झाली. पण मते पडली होती ती नियमित हंगामासाठी. त्या सहा महिन्यांत त्याने जे केले, ते सहा सामन्यांच्या पराभवाने पुसले जात नाही.

इतर पुरस्कारांपैकी बचावाच्या पुरस्कारावर सर्वांत जास्त वाद व्हायला हवेत, होतात मात्र कमी. ब्लॉक आणि स्टील मोजता येतात, प्रतिस्पर्ध्याला वाट बदलायला लावणारी उभे राहण्याची जागा मोजता येत नाही. २०२२मध्ये मार्कस स्मार्ट निवडला गेला, तेव्हा १९९६च्या गॅरी पेटननंतर प्रथमच एका गार्डला हा मान मिळाला. मधली पंचवीस वर्षे उंच खेळाडू किंवा विंगवरचे बचावपटूच तो नेत होते. ब्लॉकसारखी नजरेत भरणारी नोंद गार्डच्या नावावर क्वचितच जमा होते, हे त्याचे मोठे कारण आहे. नवोदितांच्या पुरस्काराचा प्रश्न पात्रतेचा आहे. २०१६च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला बेन सिमन्स दुखापतीमुळे पूर्ण हंगाम मुकला आणि २०१८मध्ये नवोदित म्हणूनच जिंकला, तेव्हा युटाच्या डोनोव्हन मिचेलचे चाहते खवळले होते. सामनाच न खेळलेल्याला अनुभवी कसे म्हणणार? नियम बरोबर आहे.

निर्णायक क्षणी खेळ उंचावणाऱ्या खेळाडूसाठी २०२३पासून क्लच प्लेअरचा पुरस्कार सुरू झाला. त्याचा पहिला मानकरी सॅक्रामेंटो किंग्जचा डी’अॅरन फॉक्स. मुंबईच्या प्रेक्षकांना तो संघ ओळखीचा आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले, तेव्हा फॉक्स त्याच संघात होता आणि संघाचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. नागपाड्याच्या मैदानांवर बास्केटबॉल खेळत मोठी झालेली मुले अमेरिकेतले सामने इथल्या पहाटे-सकाळी पाहतात आणि कोण श्रेष्ठ यावर तावातावाने भांडतात. त्या भांडणात कोणाचे काही बिघडत नाही. अमेरिकेत मात्र बिघडते, कारण तिथे या मतांना किंमत चिकटली आहे. तीही कोट्यवधी डॉलरची.

२०११च्या कामगार करारापासून तरुण खेळाडूंना आणि २०१७च्या करारापासून अनुभवी खेळाडूंनाही पुरस्कारांच्या आधारे मोठा पगार मिळू लागला. एमव्हीपी, बचावपटूचा पुरस्कार किंवा ‘ऑल-एनबीए’च्या तीन संघांपैकी एखाद्यात जागा मिळाली, तर खेळाडूच्या कराराची कमाल मर्यादा संघाच्या पगारमर्यादेच्या २५ टक्क्यांवरून ३० किंवा ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांपर्यंत जाते. ऑल-एनबीएच्या पंधरा जागाही तेच शंभर मतदार भरतात. २०१९मध्ये गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनला या संघांत जागा मिळाली नाही आणि त्याच्या पाच वर्षांच्या संभाव्य करारातून सुमारे ३ कोटी डॉलर वजा झाले. २०२१मध्ये बॉस्टनच्या जेसन टेटमचे तीन कोटींहून अधिक डॉलर असेच गेले. ज्याला जागा मिळाली त्याचेही भले होतेच असे नाही. २०१९मध्ये तिसऱ्या संघात आलेल्या केम्बा वॉकरला शार्लटने ती वाढीव रक्कम देऊ केली नाही आणि त्याच उन्हाळ्यात तो बॉस्टनला निघून गेला.

खेळाच्या जागांचे गणितही विचित्र परिणाम घडवत होते. २०२१ आणि २०२२मध्ये एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आलेला एम्बीड ऑल-एनबीएच्या दुसऱ्या संघात गेला, कारण पहिल्या संघात सेंटरची एकच जागा होती आणि ती योकिचची होती. लीगमधला दुसरा सर्वोत्तम खेळाडू पहिल्या पाचांत बसत नव्हता. २०२३-२४पासून जागांची अट काढून टाकली गेली, हे चांगले झाले. पैशाची अट मात्र तशीच राहिली.

पत्रकारांपैकी अनेकांनाच हा अधिकार नको आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारखी वृत्तपत्रे आपल्या वार्ताहरांना असे मतदान करूच देत नाहीत. ज्या खेळाडूच्या बातम्या द्यायच्या, ज्याला सामन्यानंतर अवघड प्रश्न विचारायचे, त्याच्या पगाराचा आकडा आपल्या मताने ठरत असेल, तर बातमीदाराचे काम स्वच्छ राहत नाही. मालक आणि खेळाडू संघटना यांनी आपसांत ठरवायची गोष्ट त्यांनी तिसऱ्याच्या खांद्यावर टाकली आहे.

२०२३-२४पासून त्यात आणखी एक अट आली. बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने. प्रत्येक सामन्यात किमान २० मिनिटे खेळणे आवश्यक, फक्त दोन सामन्यांत १५ मिनिटांपर्यंत सूट. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. नामांकित खेळाडूंना विश्रांती देण्याची पद्धत बोकाळली होती. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला ज्याच्यासाठी आला तोच बाकावर दिसायचा. शिवाय लीग तेव्हा नव्या प्रसारण कराराच्या तयारीत होती. पुढे २०२५-२६पासून लागू झालेला हा करार अकरा वर्षांचा आणि सुमारे ७,६०० कोटी डॉलरचा आहे. एवढा पैसा मोजणाऱ्या वाहिन्यांना तारे मैदानात हवे असतात.

पण या अटीचा पहिलाच हंगाम काय दाखवून गेला? २२ जानेवारी २०२४ रोजी एम्बीडने सॅन अँटोनियोविरुद्ध ७० गुण काढले. पाच दिवसांनी गुडघा दुखत असल्याने तो डेन्व्हरविरुद्ध उतरला नाही आणि योकिचला टाळले म्हणून त्याच्यावर टीका झाली. चुकवता येण्याजोगे सामने संपत आले होते. ३० जानेवारीला तो गोल्डन स्टेटविरुद्ध खेळला. चौथ्या सत्रात जोनाथन कुमिंगा त्याच्या पायावर कोसळला आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. तो हंगाम त्याने ३९ सामन्यांवर संपवला. केवळ अटीमुळे तो त्या रात्री उतरला, असे ठामपणे म्हणता येणार नाही. दुखऱ्या गुडघ्याने खेळणाऱ्या माणसाच्या डोक्यावर ती अट टांगलेली होती, एवढे मात्र नक्की. त्याच हंगामात इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्याच्या नव्या करारातले सुमारे ४ कोटी डॉलर ऑल-एनबीएच्या जागेवर अवलंबून होते. तो सामने मोजत परतला, ६९ सामने खेळला, तिसऱ्या संघात आला आणि या नियमाबद्दलची आपली नाराजी त्याने उघडपणे बोलून दाखवली.

पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोचा व्हिक्टर वेम्बन्यामा बचावपटूच्या पुरस्काराचा ठळक दावेदार होता. फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि ४६ सामन्यांवर त्याचा हंगाम थांबला. पुरस्कार क्लीव्हलंडच्या इव्हन मोब्लीला गेला. अर्धा हंगाम खेळलेल्याला मतदारांनी एरवीही कदाचित निवडले नसते. पण तो निर्णय त्यांचा असायला हवा होता. वॉल्टनच्या ५८ सामन्यांकडे पाहून खेळाडूंनी १९७८मध्ये जो विवेक दाखवला, तो आजच्या मतदाराला दाखवताच येणार नाही. ६५ला पात्र आणि ६४ला अपात्र, यात बास्केटबॉलचे कोणते तर्कशास्त्र आहे? सामने चुकवणाऱ्याचे मूल्य आपोआप घटते, हे मतदारांना नियमाशिवायही कळत होते.

विश्रांतीचा प्रश्न सोडवायचा असेल तर त्याचा खरा उगम ८२ सामन्यांच्या वेळापत्रकात आहे. लागोपाठ दोन रात्री खेळवायचे, मधल्या वेळेत हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास करायला लावायचा आणि मग गुडघा दुखला म्हणून खेळाडूला पुरस्काराबाहेर काढायचे, हे न्याय्य नाही. सामने कमी केले तर उत्पन्न घटते, म्हणून मालक आणि खेळाडू दोघेही त्या विषयाला हात लावत नाहीत. त्याचा भार मतपत्रिकेवर येतो.

सध्याचा कामगार करार २०२९-३०च्या हंगामापर्यंत आहे आणि एक वर्ष आधी त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही बाजूंना आहे. त्या वाटाघाटींत दोन कलमे बदलायला हवीत. पहिले, वाढीव पगाराची पात्रता पुरस्कारांपासून तोडावी. सेवेची वर्षे आणि आधीच्या हंगामांतली खेळलेली मिनिटे अशा कोणालाही मोजता येणाऱ्या निकषांवर ती ठरवावी, आणि कोणाला किती द्यायचे हा निर्णय संघाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. दुसरे, ६५ सामन्यांची अट एमव्हीपी, बचावपटू आणि ऑल-एनबीएच्या मतदानातून काढून टाकावी. दुखापत नसताना खेळाडूला बसवणाऱ्या संघांना लीग आजही दंड करू शकते; तो दंड वाढवावा. हे दोन बदल झाले तर एखाद्या एप्रिलमध्ये पुन्हा ५८ सामन्यांचा वॉल्टन आणि ८० सामन्यांचा कोणी रॉबर्टसन एकाच मतपत्रिकेवर येतील, आणि मतदाराला दोघांच्या खेळाकडे पाहून आपले मत नावानिशी मांडावे लागेल.